दोघांची बाबागाडी घेताना आधी थोरल्याकडे बघ

अगं, तुझा प्रश्न वाचला आणि सगळ्यात आधी एकच सांगते, अजून पैसे भरू नकोस.

तू लिहिलंस ते असं, की थोरला आत्ता २ वर्षं २ महिन्यांचा, वजन साडेतेरा किलो, धाकटं ऑगस्टअखेर येणार, लंडनमध्ये साउथहॉलला जुनं टेरेस घर, म्हणजे भिंतीला भिंत लागलेल्या ओळीतलं, नर्सरी पायी वीस मिनिटांवर, आठवड्यातून दोनदा बस, कार नवरा कामाला घेऊन जातो आणि आई सांगलीहून तीन महिन्यांसाठी येतेय. मागे एक सीट लावून एकाची दोघांची होणारी ती गाडी तुला आवडलीय, बजेट ६०० पौंड, घेऊ का म्हणतेस. मी गेली चौदा वर्षं पश्चिम लंडनमध्ये बाळांच्या सामानाच्या दुकानात गाड्या दाखवणं, जोडून देणं, दुरुस्त करणं हेच करतेय, शिवाय माझी स्वतःची दोघं अडीच वर्षांच्या अंतराने झाली, त्यामुळे दुकानातलं आणि घरातलं दोन्ही बघितलंय. म्हणून जरा सविस्तरच लिहिते.

दुकानात जोडपी येतात ती बाळाचं बघत येतात. कॅरीकॉट, म्हणजे तान्ह्याला सपाट झोपवायची पेटी, किती मऊ आहे, हूड कुठवर येतो, रंग कुठला, आणि थोरला मागे कुठेतरी खेळत असतो, त्याला कुणी बसवूनसुद्धा बघत नाही. पण दोघांच्या गाडीचा निकाल लावतो तो थोरलाच. बाळाचं सोपं असतं गं, पहिले सहा महिने त्याला सपाट झोपायला जागा पाहिजे, उन्हापावसापासून आडोसा पाहिजे, बास. थोरला मात्र वजनाने भारी, उंचीने मोठा, अर्ध्या वाटेत झोपणारा नाहीतर अर्ध्या वाटेत उतरतो म्हणणारा, आणि नेमकं त्याच वेळी घरात आलेल्या बाळामुळे बिथरलेला. त्याला जी गाडी आवडत नाही ती गाडी तू कितीही महाग घे, पंधरा दिवसांत ती पॅसेजमध्ये उभी राहते. हे मी इतक्या घरांतून ऐकलंय की आता कुणी आलं की मी आधी थोरल्याला उचलून सीटवर बसवते, मग बाकी बोलते.

आता तुझ्याच मुलाचा हिशोब करू. साडेतेरा किलो आहे, या वयात मुलं वर्षाला साधारण दोनेक किलो वाढतात, म्हणजे थंडी येईपर्यंत चौदाच्या पुढे, वर जाडं जॅकेट आणि बूट. इथे युरोपात बाबागाड्यांचं जे स्टँडर्ड आहे, इएन १८८८, त्याचे दोन भाग आहेत, एक १५ किलोपर्यंतच्या मुलांसाठी आणि दुसरा २२ किलोपर्यंतच्या. गाडीच्या फ्रेमवर किंवा पुस्तिकेत ते लिहिलेलं असतं. आणि यातली मेख अशी की एकाची दोन होणाऱ्या बऱ्याच गाड्यांत मुख्य सीट २२ किलोची असते पण ती जोडायची दुसरी सीट १५ची, म्हणजे कुणाला कुठे बसवायचं हे तुझ्या हातात राहतच नाही. तुला आवडलेल्या गाडीचं दुसऱ्या सीटचं वजन आधी बघ. १५ असेल तर डिसेंबर-जानेवारीत, जेव्हा अंधारात पावसात नर्सरीतून दोघांना आणायचंय, नेमकं तेव्हाच ती सीट त्याला बाद होणार. मग थोरला मुख्य सीटवर आणि बाळ मागे खाली जोडलेल्या सीटवर जाणार. खालची सीट मला तान्ह्यासाठी मनापासून कधीच पटली नाही, तुला चेहरा दिसत नाही, वरच्याचे पाय डोक्यावर, हवा कमी. काही कंपन्या तिथे कॅरीकॉट बसवायची सोय देतात आणि ती चाचणी होऊनच येते, असुरक्षित म्हणत नाही मी, पण चालताना दर पाच मिनिटांनी वाकून बघावं लागतं आणि ओल्या अंगाने ते वाकणं सोपं नसतं.

दुसरा मुद्दा दार. हसू नकोस, अर्ध्या गाड्या परत येतात त्या दारामुळे. टेरेस घरांचं आतलं दार बहुतेक अडीच फुटी, म्हणजे ७६ सेंटीमीटर, पण ते माप पल्ल्याचं. दार उघडल्यावर पल्ल्याची जाडी एका बाजूला उरते, दुसऱ्या बाजूला चौकटीची पट्टी, मग मोकळी वाट ७२-७३ च राहते. तू दार पूर्ण उघड आणि पल्ला ते चौकट अशी जी मोकळी जागा उरते तीच टेपने मोज, खाली, मध्ये आणि हाताच्या उंचीला, कारण जुन्या घरांच्या चौकटी सरळ नसतात. मग शेजारी-शेजारी सीटच्या गाड्यांची रुंदी बघ. बुगाबू डाँकी दोघांसाठी उघडली की ७४ सेंटीमीटर, आउट अँड अबाउटची निपर डबल ७२, माउंटन बग्गीची ड्युएट ६३. कागदावर ७२ची गाडी ७३च्या वाटेतून जाते, पण प्रत्यक्षात रोज दोन वेळा तू तिरकी होऊन बोटांची सालं काढत ती आत घेणार, आणि आत आल्यावर पॅसेज ८५चा असेल तर जिन्याकडे जायला वाटच नाही. एका बाईंनी तर गाडी आवडली म्हणून घेतली आणि ती शेवटी समोरच्या अंगणात ताडपत्रीखाली ठेवायला लागली, एका हिवाळ्यात ब्रेकची तार गंजली, मग माझ्याकडे आणली.

एकामागे एक सीटची गाडी दारातून कशीही जाते, तिचा त्रास वळणावर आणि फुटपाथच्या कडेला. हे दुकानात रिकाम्या गाडीवर कधीच कळत नाही. रिकामी गाडी सगळीच लोण्यासारखी चालते, गुळगुळीत फरशीवर तर कुठलीही. म्हणून मी आमच्या देशी गिऱ्हाइकांना सांगते, येताना १० किलोची आट्याची पिशवी आणि ५ किलोचा तांदूळ घेऊन या, साउथहॉल ब्रॉडवेवरून येताना तसंही घेताच. थोरल्याच्या सीटवर आटा, वर थोरल्याची शाळेची बॅग, बाळाच्या जागी तांदूळ, पट्टे लाव आणि दुकानाबाहेर फुटपाथवर ने. आता एका हाताने सरळ चालव, कारण दुसऱ्या हातात बहुतेक वेळा त्याचा हात नाहीतर फोन नाहीतर छत्री असणार. मग कडेला आणून हँडल खाली दाब आणि पुढची चाकं उचल. इथे खरं कळतं. वजन मागच्या चाकांवर असेल तर हात जरासा दाबला की पुढचं तोंड उचललं जातं, वजन पुढच्या चाकांवर, म्हणजे आटा पुढच्या टोकाला असेल, तर मनगटापासून खांद्यापर्यंत जोर लागतो आणि बाळंतपणानंतर पोटाला तो जोर परवडत नाही. शेजारी-शेजारीच्या गाडीत दोघांचं वजन मागच्या चाकांच्या जवळ असतं म्हणून ती चढवायला सोपी जाते, रुंद असली तरी. पण तिची एक खोड आहे, एका बाजूला १४ किलो आणि दुसऱ्या बाजूला ४, त्यामुळे हलक्या गाड्या जडाच्या बाजूला ओढतात. आटा-तांदूळ ठेवून चाललीस की तेही लगेच समजतं.

आणि वजनाचाच अजून एक किस्सा सांगते, माझाच. धाकटी तीन महिन्यांची होती, थोरला पुढे बसलेला, ती मागच्या बाजूला, आणि मी भाजीवाल्याकडून निघताना हँडलला दोन पिशव्या लटकवल्या, बटाटे, कांदे, वर मेथीची जुडी. थोरला म्हणाला उतरतो. मी पट्टा सोडला, तो उडी मारून उतरला, आणि पुढचं वजन गेल्याबरोबर अख्खी गाडी मागे उलटली. माझ्या डोळ्यांसमोर. बटाटे रस्त्यावर, मेथी तिच्या अंगावर, आणि ती पट्ट्यात लटकलेली. पाचही पट्टे लावलेले होते म्हणून तिला खरचटलंसुद्धा नाही, पण मी फुटपाथवर बसून रडले. ज्याने थोरला धरून ठेवला आणि गाडी उभी केली तो भाजीवाला अजून भेटला की विचारतो मुलगी कशी आहे. तेव्हापासून माझा नियम, हँडलला काहीही लटकवायचं नाही, सामान खालच्या बास्केटमध्ये नाहीतर पाठीवरच्या सॅकमध्ये, आणि थोरला उतरताना एक हात हँडलवर आणि ब्रेक लावलेला. कुठलीही गाडी घेतलीस तरी हे पाळ, प्लीज.

बसचं. लंडनच्या बसमध्ये ती मोकळी जागा आधी व्हीलचेअरवाल्यांची, मग बग्ग्यांची. २०१७ साली सुप्रीम कोर्टाचा निकालच आला, की कुणी जागा सोडायला तयार नसेल तर ड्रायव्हरने नुसती विनंती करून गप्प बसायचं नाही, पुढे काहीतरी करायला हवं. आणि ते बरोबरच आहे, त्यांना दुसरी जागाच नसते. पण याचा अर्थ तुझ्यावर गाडी मिटवायची वेळ येणार, तेव्हा तुझ्या कडेवर बाळ, एका हाताला थोरला, आणि समोर १४-१५ किलोची जुळी गाडी. ती तू एकटी मिटवू शकणार नाहीस, मीही नाही शकत. म्हणून ज्या दिवशी एकटीने बस, त्या दिवशी जुळी गाडी नकोच, हलकी एकेरी आणि बाळ अंगाला बांधलेलं. ट्रेनचं सोपं, एलिझाबेथ लाइनच्या सगळ्या स्टेशनांवर लिफ्ट नाहीतर रॅम्प आहे, साउथहॉलवरून तू हेझ, ईलिंग, कुठेही जुळी गाडी घेऊन जाऊ शकतेस.

बांधण्याबद्दल आपल्या लोकांना सांगायला नको, पदराने बांधून शेतात नेणाऱ्या आज्या आपल्या. इथल्या स्लिंगला फक्त एवढं बघायचं की घट्ट असावं, बाळाचं तोंड तुला दिसावं, मान वाकवून टाळूची पापी घेता येईल इतकं वर असावं, हनुवटी छातीला टेकलेली नको, दोन बोटं मावतील इतकी फट हवी, आणि पाठीला आधार. सिझेरियन झालं तर टाक्यांवर पट्टा येतो, तेव्हा आधी डॉक्टरला किंवा मिडवाइफला विचारून मगच.

आता आईचा विचार कर, तो कुणीच करत नाही आणि दुपारी गाडी ढकलणार तीच. तिची उंची पाच फूट असेल तर हँडल खाली येणारं पाहिजे, एकाच उंचीच्या हँडलवर तिचे खांदे वर राहतात आणि आठवड्यात मान धरते. ब्रेक पायाने वर उचलून सोडायचा प्रकार असेल तर चपलेत अंगठा दुखतो, दोन्ही वेळा खालीच दाबायचा ब्रेक घे. आणि साडी नेसत असेल तर पदर खोचून, ओढणी असेल तर गाठ मारून. मागच्या चाकात पदर गुंतून गाडी जागच्या जागी थांबलेली मी स्वतः कात्रीने सोडवलीय, आजी पडता पडता वाचल्या. घडी करायला तिला एकदा नाही पाच वेळा शिकव, आणि घडी घालताना-उघडताना थोरला लांब उभा पाहिजे. २००९ साली अमेरिकेत एका नावाजलेल्या कंपनीला सुमारे १० लाख बग्ग्या परत मागवायला लागल्या कारण बिजागरीत मुलांच्या बोटांची टोकं तुटली होती. नव्या गाड्यांत बिजागरीवर कव्हर असतं, जुनीत असेलच असं नाही.

तुझ्याकडे आहे ती छत्रीसारखी मिटणारी बग्गी टाकू नकोस, तुझ्या सगळ्या बेतात तीच उपयोगी आहे. असली पहिली बग्गी १९६५ साली ओवेन मॅक्लारेन या विमान इंजिनिअरने काढली, त्याने स्पिटफायर विमानाच्या मिटणाऱ्या चाकांचं काम केलेलं, आणि मुलगी परदेशातून नातीला घेऊन आली तेव्हा जड गाडी ओढताना तिचे हाल बघून त्याने ॲल्युमिनियमची हलकी गाडी बनवली. सांगायचं कारण, ती बनलीच आहे बस, विमान आणि जिने यांसाठी. पण तिला मागे उभं राहायचं बोर्ड लावू नकोस, त्या बारीक नळ्यांना ते वजन सोसत नाही, आणि दोन छत्री-बग्ग्या क्लिपने जोडायची आयडिया नवऱ्याने काढली तर तीही नको, दोन फ्रेम वेगवेगळ्या पिळतात आणि मधली चाकं फटीत अडकतात.

बोर्डाबद्दल तू विचारलंस. चांगल्या दणकट एकेरी गाडीच्या मागे बोर्ड लावणं हा सगळ्यात स्वस्त आणि तीन वर्षांच्या पुढच्या मुलाला सगळ्यात आवडता उपाय, बहुतेक बोर्ड २० किलोच्या आसपास घेतात. पण तुझा अजून दुपारी झोपतो आणि हात सोडून पळतो असं तूच लिहिलंयस, आणि तुझी वाट अक्सब्रिज रोडवरून आहे. उभ्या उभ्या झोपलेलं मूल धरून गाडी ढकलता येत नाही. बोर्ड घे, पण पुढच्या उन्हाळ्यात.

तर तुझ्यासाठी माझं उत्तर असं. बाळ व्हायच्या आधी दोघांची गाडी घेऊच नको. पहिले सहा-आठ आठवडे आई आहे, नवऱ्याची रजा असेल, त्या काळात थोरला आपल्या ओळखीच्या बग्गीत आणि बाळ स्लिंगमध्ये, नाहीतर आई एकाला नेते तू एकाला. त्यात एक फायदा असा की थोरल्याची जागा बाळाने घेतली असं त्याला वाटत नाही, त्याची बग्गी त्याचीच राहते, आणि या वयात हे फार असतं गं. ऑक्टोबरात तुला कळलेलं असेल की बाळ स्लिंगमध्ये राहतं का, थोरल्याची दुपारची झोप राहिलीय का, तुझ्या कमरेचं काय. तेव्हा लागलीच तर शेजारी-शेजारीची अरुंद गाडी सेकंडहँड घे, ती ६३ सेंटीमीटरवाली ड्युएट तुझ्या दारातून आरामात जाईल, एका बाजूला कॅरीकॉट लावता येतो, दोघं एकमेकांना दिसतात. तिच्यासकट सगळा खर्च तुझ्या बजेटच्या बराच आत बसेल, कारण जुळ्या गाड्या लोक वर्षभरच वापरतात आणि मग जागा अडते म्हणून विकून टाकतात. वर्षाने तूही विकशील. एनसीटी या आईबाबांसाठीच्या संस्थेचे नीअरली न्यू सेल, म्हणजे वापरलेल्या सामानाचे बाजार, भरतात तिथे बघ, हात लावून घेता येते.

सेकंडहँड बघताना गाडी सपाट जमिनीवर ठेवून हलकेच ढकल आणि सोड, सरळ गेली पाहिजे, एका बाजूला वळली तर फ्रेम नाहीतर धुरी वाकलीय. ब्रेक लावून ढकल, दोन्ही मागची चाकं अडकली पाहिजेत, एकच नाही. पाचही पट्टे आहेत का आणि क्लिप टक्क वाजते का बघ. बिजागरीचं लॉक दोन-तीनदा उघडमीट कर. मॉडेलच्या लेबलचा फोटो काढून कंपनीच्या साइटवर परत मागवलेल्यांत आहे का शोध. कापड मळकं असेल तर त्याची काळजी नको, धुता येतं. फक्त कारसीट ओळखीपाळखीशिवाय सेकंडहँड कधीच घ्यायची नाही, ती अपघातातली आहे का हे बाहेरून दिसत नाही.

कारसीटवरून आठवलं, फ्रेमवर टक्कन बसणारी कारसीट दुकानात फार आवडते सगळ्यांना, पण ती गाडी म्हणून दिवसभर वापरायची नाही. त्यात बाळ दुमडून बसतं, मान पुढे पडली की श्वास अडतो. सलग दोन तासांच्या वर नाही, आणि अगदी तान्ह्याला अर्ध्या तासातच बाहेर काढून सपाट ठेवायचं. कॅरीकॉट नसेल तर बाळाची सीट निदान १५० अंशांपर्यंत मागे जाणारी हवी, जन्मापासून चालते असं लिहिलेल्या सीटला तेवढं लागतंच. आणि ऑगस्टमध्ये ऊन असेल तर हूडवर मलमलचं कापड, ओढणी असलं काही झाकू नकोस, दिसायला सावली पण आतली हवा कोंडून तापते. छत्री किंवा जाळीची कंपनीची सनशेड लाव.

सांगलीला जाशील तेव्हा जुळी गाडी नेऊच नकोस, फुटपाथ कुठे आहे तिथे. छत्री-बग्गी विमानाच्या दारापर्यंत नेता येते बहुतेक एअरलाइनवर, तिकीट काढताना विचारून ठेव, आणि उतरल्यावर ती दारातच मिळणार की सामानाच्या पट्ट्यावर हेही विचार, कारण रात्री दोनला झोपलेला १४ किलोचा मुलगा आणि बाळ घेऊन इमिग्रेशनची रांग फार लांब वाटते.

आता या आठवड्यात फक्त तीन मापं घेऊन मला कळव. बाहेरच्या दाराची मोकळी वाट, पॅसेजची रुंदी बूट-रॅक धरून, आणि थोरल्याची बसल्या उंची, म्हणजे भिंतीला टेकून जमिनीवर बसव आणि ढुंगणापासून डोक्यापर्यंत मोज. वजन सगळे सांगतात, पण बऱ्याचदा डोकं हूडला लागतं म्हणूनच मुलं गाडीत बसत नाहीत.